अर्धी वाटी, पाक नको

"एक गरम डोहुआ!" लिन मावशींनी काउंटरवरून आत ओरडून सांगितलं. "पाक नको, शेंगदाणे नकोत. आल्याचा रस दुप्पट. वाटी अर्धीच. आणि वर एकच लाल बोर, बी काढून."

युनरूच्या हातातली पळी पातेल्यात पडली.

"ऐकलंस का गं? गोडाच्या दुकानात येऊन म्हणते, गोड नको! उद्या न्हाव्यासमोर बसून म्हणेल, केसांना हात लावू नका."

"म्हणते? बाई आहे?"

"पोरगी आहे. एकटीच."

तरी युनरूचं मन काही मानेना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, हे तिला कळत होतं. पण हे ताक नव्हतं. हे तेच दूध होतं.

आलं जास्त हवं, पाक नको, असं म्हणणाऱ्या तैवानी सासवा ढिगाने मिळतील. पण अर्धी वाटी आणि एकच बोर? हे नियम चुंगहानचे, तिच्या नवऱ्याचे होते. कंबर सुटू नये म्हणून वाटी अर्धी. दुसरं बोर म्हणजे हावरेपणा. पर्थला असताना त्याने तिला काय हवं ते कधी विचारलं नाही. तो तिच्यासाठी हे मागवायचा, बाहेर गाडीत जाऊन बसायचा, आणि सोयाच्या दुधाचा तो खरवसासारखा मऊ डोहुआ ती आल्याच्या तिखट पाण्यातून गिळायची. चमचाभर जरी उरला, तर गाडीत तो एक शब्द बोलायचा नाही. बोलणं घरी व्हायचं. तिचं डावं मनगट अजून नीट वळत नव्हतं.

पोलिसांनी त्याला लांब राहायची ताकीद दिली होती. ताकिदीने दाराला कडी लागत नाही, हे ओळखून ती एका पिशवीनिशी ब्रिस्बेनला पळून आली. आईचं आडनाव लावलं, केस कापले. लिन मावशींनी फार चौकशी न करता तिला पडद्यामागचं काम दिलं आणि गॅरेजवरची खोली दिली. दुकान उघडं असताना ती पडद्याबाहेर कधीच येत नसे.

तिने वाटी भरली. ओतताना थोडा रस ओट्यावर सांडला. बोराची बी मात्र सवयीने एका फटक्यात निघाली. मावशी वाटी घेऊन गेल्या आणि तिने पडदा बोटभर सरकवला.

शनिवारची दुपार होती, शॉपिंग सेंटर गच्च भरलं होतं. कोरियन कोंबडीवाल्याकडे रांग, बोबा चहावाल्याकडे त्याहून मोठी, आणि सगळीकडे पोराबाळांचा कलकलाट. खांबाजवळच्या टेबलाशी ती मुलगी बसली होती. पंचविशीची असेल. एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत कापडी बाह्या. उन्हासाठी इथल्या निम्म्या बायका तशा बाह्या चढवतात, पण युनरूला त्याखालचे वळ दिसायला लागले.

मुलीने वाटीचा फोटो काढला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. पहिल्याच चमच्याला तिचं तोंड कसंनुसं झालं. तरी ती खात राहिली, इकडेतिकडे बघत.

चुंगहानही फोटो मागायचा. भरल्या वाटीचा एक, रिकाम्या वाटीचा एक.

"मावशी, ही आधी कधी आली होती?"

"छे गं. म्हणाली, दर शनिवारी एक नवं शॉपिंग सेंटर धरते आणि तिथली सगळी गोडाची दुकानं चाखते. हल्लीच्या पोरांना दुसरे उद्योग कुठे आहेत? तुझं कौतुक करत होती हो! बोराची बी एवढी सुबक कुणी काढली म्हणून विचारत होती. मी म्हटलं, आमची पोर आत असते, लाजरी आहे." मावशींचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे गेलं. "अगं, काय झालं? पांढरीफटक पडलीस की!"

"त्याने दुसरी आणलीय मावशी. तो इथेच आहे. बाहेर गाडीत बसला असेल, आत तो कधीच थांबत नाही."

मावशींनी पडदा पुरता ओढून घेतला. "पिशवी उचल. मागच्या दाराने नीघ. इथलं मी बघते, माझा आवाज काय कमी आहे?"

युनरू दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या मुलीचं वेडंवाकडं झालेलं तोंड काही डोळ्यांपुढून हलेना. आपणही असंच खात होतो. शेजारच्या टेबलांवरची माणसं बघायची आणि मान फिरवायची. कुणीतरी यावं, नुसतं ऊठ म्हणावं, एवढंच ती तेव्हा देवाकडे मागत होती.

तिने एप्रन काढला आणि पडदा सारून बाहेर आली.

"बसू का गं इथे?"

"बसा ना ताई."

"ही वाटी तुझ्या मनाने मागवलीस, की त्याने सांगितली?"

मुलीचा चमचा थांबला. "कुणी?"

"चुंगहानने. घाबरू नकोस. मला सगळं ठाऊक आहे. मी त्याची बायको होते."

मुलीचे डोळे मोठे झाले. "तुम्ही... युनरूताई?"

म्हणजे त्याने नाव सांगितलं होतं तर! शिव्या घालूनच सांगितलं असेल. युनरूला तिची फार दया आली.

"हो, मीच. आता रडायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. आतून दुसरं दार आहे. माझी खोली दोघींना पुरेल. ऊठ, बाळा."

मुलीने तिचा हात धरला, अगदी घट्ट. बुडणारं माणूस असंच धरतं, असं युनरूला वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला आपल्या भीतीपेक्षा दुसऱ्या कुणाची भीती मोठी वाटली, आणि तिने त्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

मुलीने मोकळ्या हाताने फोन उलटा केला. त्यावर कॉल चालूच होता.

"आली, चुंगहानदादा," ती फोनमध्ये म्हणाली. "तू म्हणालास तसंच झालं. वाटी ओळखली आणि आपणहून बाहेर आली."