मागच्या दाराने

“आज मागच्या दाराने जायचं नाही,” काकूंनी चिमणीच्या आईला उंबरठ्यावरच सांगितले. “तिच्या डोळ्यांदेखत जायचं. सांगून.”

चिमणीची आई गांगरली. तिने एकवार मनगटावरील घड्याळाकडे पाहिले, एकवार कोपऱ्यातील स्टुलावर बसलेल्या प्रशिक्षिकेकडे. “अहो काकू, घर डोक्यावर घेईल ती! आणि रोज तुम्हीच म्हणता की, सटका गुपचूप.”

ते असत्य नव्हते. काकू राहत्या घरातच पाळणाघर चालवीत, आणि मुलांच्या आयांना अलगद नाहीसे करण्याची कला त्यांना उत्तम साधली होती. डब्यांची झाकणे वाजवून त्या मुलाचे चित्त वेधून घेत; तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून मागल्या गल्लीत उतरे. काकूंकडे मूल रडत नाही, अशी ख्याती सर्वत्र झाली होती. परंतु अलीकडे चिमणी दारापासून हलेना. खेळेना, घास घेईना. दोन वर्षांचा तो जीव दिवसभर दाराच्या फटीवर दृष्टी खिळवून बसे. असेच चालले तर पोरीला काढून घेऊ, असे तिच्या वडिलांनी बजावले होते. एक मूल गेले की बाकीचीही जाण्यास वेळ लागत नाही.

घरी मुले सांभाळणाऱ्या स्त्रियांना शिकवीत ही प्रशिक्षिका घरोघरी फिरे. काल तिने कारण सांगितले होते. “आपलं लक्ष जरा हटलं की आपलं माणूस नाहीसं होतं, हे तिला कळून चुकलंय. मग ती लक्ष हटवेल कशी?”

काकूंनी ते ऐकले, जसे शेजारच्या घरातील रेडिओ ऐकावा. पती निवर्तल्यापासून त्यांच्या अंतःकरणास एक प्रकारची बधिरता आली होती. हसू नाही की आसू नाही. मन रमावे म्हणून थोरल्या जाऊबाईंनीच हे पाळणाघर काढून दिले होते. हात सर्व कामे बिनचूक करीत. मन मात्र कोठेच नसे.

“घ्या! पोरं रडवायचंही शिक्षण निघालं,” स्वयंपाकघरातून जाऊबाईंचा आवाज आला. “आमची पोरं बिनशिक्षणाचीच रडायची.”

चिमणीची आई गुडघ्यांवर बसली. “चिमणे, मी कामावर जातेय. संध्याकाळी येते हं.” ती उठली आणि पुढच्या दाराने, डोळे पुशीत, बाहेर पडली.

चिमणीने जो टाहो फोडला, त्याने खेळणारी सगळी पोरे जागच्या जागी थिजली. काकूंचा हात सवयीने झाकणांकडे गेला.

“नको काकू. गप्प करू नका,” प्रशिक्षिका हळूच म्हणाली. “नुसतं धरून बसा.”

काकू चिमणीला मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या. पोर हातपाय झाडीत राहिले, काकूंचा पदर ओढीत राहिले. काकू भिंतीसारख्या बसून होत्या. हळूहळू टाहोचे हुंदके झाले, हुंदक्यांचे उसासे. मग चिमणीने नाक काकूंच्या खांद्याला पुसले, ती खाली उतरली, आणि कित्येक दिवसांनी प्रथमच दाराकडे पाठ करून ठोकळ्यांपाशी जाऊन बसली.

“जमलं की हो काकू!” प्रशिक्षिकेचा चेहरा उजळला.

 काकू उठून आत गेल्या. जाऊबाई भाजी चिरीत होत्या.

“जाऊबाई, दवाखान्यात त्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं ना, की हे आता थोड्याच वेळाचे सोबती आहेत?”

सुरी थांबली.

“तेव्हा हे शुद्धीवर होते. मग मला इस्त्रीचा शर्ट आणायला घरी का धाडलंत?”

जाऊबाईंनी मान वर केली नाही. “अगं, तू आकांत केला असतास. रडून रडून जीव अर्धा केला असतास.”

“हो,” काकू म्हणाल्या. “आणि त्यांना ते ऐकू आलं असतं.”