जुळीची सही

सुगंधाबाई काळदाते वस्तीच्या मैदानात झाडं लावण्यावर हरकतीचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात आल्या, तेव्हा उद्यान विभागाच्या खैरमोडेसाहेबांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"तुमची हरकत तपासून झाली, बाई. आमच्या संगणकात अख्ख्या शहराचं जुळं आहे, माणसांसकट तंतोतंत नक्कल, त्यात तुम्हीही आहात. त्या जुळ्यातल्या तुमच्या मैदानावर आम्ही आधीच दोनशे झाडं लावून पाहिली. तुमची जुळी त्या सावलीत वीस वर्षं राहिली. एकदाही कुरकुरली नाही."

"सावलीत कुरडया वाळतात का?" बाईंचा आवाज चढला. "आम्ही अठरा बायका त्या मैदानातल्या उन्हावर जगतो. एक कोपरा तेवढा मोकळा सोडा."

"वस्तीचं तापमान चार अंशांनी उतरतंय. कोपरा सोडला की गणित बिघडतं."

"मग ती तुमची बाई एप्रिलात भर दुपारी काय करते, ते सांगा."

साहेबांनी कंटाळून पडद्यावर बोट फिरवलं. "घरात झोपते. संध्याकाळी झाडांखाली फेऱ्या मारते."

"आणि खाते काय?"

बोट थांबलं. साहेबांनी पडदा दोनदा वरखाली सरकवून पाहिला. "ते यात धरलेलं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "हरकत निकाली निघाली म्हणून इथे सही करा."

"जिला पोटच नाही, तिचीच घ्या सही."

साहेबांनी कागद उलटला. मागे सही होती, हुबेहूब बाईंची, शेवटचं अक्षर खाली घसरलेलं.

"तिची कालच झाली," ते म्हणाले. "तुम्हाला आपलं रीतीपुरतं विचारलं."