साठ आणि पाचशे

गिऱ्हाइकाच्या साखरपुड्यात काढलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडले आणि हेमांगी वैतागली. हॉलमध्ये चांगला उजेड होता, तरी प्रत्येक चेहरा वाळू भुरभुरल्यासारखा दिसत होता. उजेड कमी पडला की कॅमेरा आपणहून आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, वाढवतो आणि फोटो दाणेदार होतो; पण इतका कशाला? तिनं सेटिंग तपासलं. शटर सेकंदाच्या साठाव्या हिश्शाहून हळू होऊ द्यायचं नाही, अशी मर्यादा तिनंच घातली होती. आता तिथे साठच्या जागी पाचशे होतं. एवढं वेगवान शटर सांभाळायचं म्हणजे कॅमेरा आयएसओ चढवणारच.

"निशी, हे तू बदललंस?"

नवरा शेजारीच अल्बमची पानं लावत होता. त्यानं मान वर केली नाही. "मागच्या दोन-तीन कार्यक्रमांचे फोटो हलले होते. शटर वेगवान असलं की हलणं दिसत नाही."

"माणसं हलतातच की."

"समई हलली होती, हेमा."

तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बाबांच्या हातातली कपबशी वाजायला लागली, तेव्हा ते तिच्याच वयाचे होते. पुढे त्यांना घाससुद्धा भरवावा लागला.

तिनं मर्यादा पुन्हा साठवर आणली, खिडकीचा पडदा ओढून अंधार केला. टेबलावरच्या तांब्यावर कॅमेरा रोखून, श्वास धरून बटण दाबलं. मग स्क्रीनकडे न बघताच कॅमेरा त्याच्यापुढे धरला.

"तू बघ आधी."

त्यानं फोटो मोठा करून तांब्याची कड पाहिली. मग त्यानं कॅमेरा खाली ठेवला आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"पाचशेच राहू दे," तो म्हणाला.