आरशांचं स्वेटर

"काढ ते. संतोषला दे," याडी लेकीला म्हणाली.

दारात संतोषची बॅग भरून तयार होती. दिवाळीची सुट्टी संपली होती. गोरेगावहून हिंगोलीची जीप नऊला निघायची आणि तांड्यावरून गोरेगाव अर्धा तास पायी. वसतिगृहात लई थंडी असते, असं बापू कालपासून तीनदा म्हणाला होता. संतोषचं मागच्या सालचं स्वेटर आता त्याच्या बेंबीपर्यंत येत होतं. आणि घरात नवं स्वेटर एकच होतं. ते निताच्या अंगावर होतं.

निता भांडणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. नववीत गेल्यापासून पोरगी तोंडाला तोंड देऊन राहिली, ही याडीची रोजची तक्रार. पण नितानं दोन्ही हात वर केले, डोक्यातून स्वेटर ओढून काढलं आणि आईच्या हुकमाप्रमाणे भावाच्या हातात ठेवलं.

त्या घरात नवी वस्तू फार दिवस एका जागी टिकत नसे. सायकल निताला शाळेसाठी म्हणून आली आणि संतोषकडे गेली. परत आली तेव्हा तिचं एक चाक वाकडं होतं. मागच्या सालचं मरून रंगाचं स्वेटर तर बापूनं निताच्या मापानंच आणलं होतं. आठ दिवसांत ते संतोषच्या बॅगेत. संतोष काही मागत नसे बिचारा. मागायची पाळीच येत नसे. याडीला तिच्या भावानं, अमरसिंगमामानं, चांगली जाड शाल दिली होती, तीसुद्धा दोन सालांमागे वसतिगृहात गेली. तेव्हापासून याडी हिवाळाभर जुन्या लुगड्याची चौघडी खांद्यावर टाकून चुलीपुढे बसायची. आणि निता गेला हिवाळाभर वर्गात दोन्ही हात काखेत घालून बसली होती. बाईंनी फळ्याशी बोलावलं की खडू धरायला बोटं उघडायची नाहीत.

या सालचं स्वेटर मात्र तिनं स्वतः विणलं. सुया विकत कोण आणणार? तिनं त्या वाकड्या चाकाच्या दोन तारा काढल्या आणि दगडावर घासून टोकं केली. विणायला शिकवलं गोरेगावच्या मदीनाबीनं. मदीनाबी बाळांची टोपडी विणून विकायची. सुट्टीभर निता रोज सकाळी तिच्याकडे जाऊन लोकरीचे गुंडे करून द्यायची. त्याच्या बदल्यात मदीनाबीनं कोरी निळी लोकर तिच्यापुढे ठेवली. एकाच रंगाचं कर बेटा, म्हणाली, तुझा हात साफ आहे, दुकानातल्यासारखं दिसेल. नितानं त्या निळ्या लोकरीवरून दोनदा हात फिरवला. मग म्हणाली, मला ती तुकड्यांची टोपली द्या. मदीनाबीनं कपाळाला हात लावला. छातीवरचा मोर पहिल्या दिवशी असा काही झोकात उतरला होता की मदीनाबीनं शेजारणीला हाक मारून दाखवला. दुसऱ्या दिवशी नितानं त्याची मान उसवली आणि आखूड केली.

म्हणून त्या स्वेटरवर कोंबडी होती. एक बाही पोपटी होती, दुसरी नारिंगी, आणि नारिंगी बाही मनगटाला पोचायच्या आधीच दमली होती. गळ्याला गुलाबी गोंडे होते. पुढून-मागून आरसे होते, आजीच्या फाटक्या घागऱ्यावरून उसवून काढलेले, मोजून एकवीस. तांड्यावरच्या पोरी म्हणाल्या, पोळ्याचा बैल आला. निता म्हणाली, बैलाला वर्षातून एकदा तरी ओवाळतात, तुमाला कोण ओवाळतं? आणि तिनं मुद्दाम तांड्याला आणखी एक चक्कर मारली.

संतोषनं स्वेटर अंगात घातलं. ते त्याला बराबर बसलं.

"गरम हाय की," तो म्हणाला.

याडी खूश झाली. चल, निघ, म्हणाली. संतोष दाराबाहेर उन्हात गेला, तसे आरशांचे कवडसे घरभर नाचले. समोरच्या ओट्यावर शेजारीण पदरात तोंड घालून हसली. संतोषनं खाली कोंबडीकडे बघितलं. गोंड्यांना हात लावून बघितला. वसतिगृहातली चाळीस पोरं त्याच्या डोळ्यांपुढून ओळीनं गेली असावीत. त्यानं आत येऊन स्वेटर काढून खाटेवर टाकलं, आपल्याला थंडी वाजतच नाही असं सांगितलं आणि बॅग उचलून बापूच्या मागं चालायला लागला.

याडी पोराची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग ती निताकडे वळली.

"मदीनाबी चांगली निळी लोकर देत होती म्हणे. काहून असं भेसूर केलंस? नीट करता येत न्हवतं?"

"येत होतं," निता म्हणाली. "नीट केलं असतं तर आता ते जीपमधी बसलं असतं."

आता थोबाडीत बसणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं मान खाली घातली नाही.

याडीनं खाटेवरचं स्वेटर उचललं. उलटं केलं, सुलटं केलं. सासूच्या घागऱ्याचा एक आरसा तिनं अंगठ्यानं पुसला. तिच्या खांद्यावरची चौघडी घसरली. ती तिनं सावरली नाही.

"टोपलीत लोकर उरली का?"

"हाय थोडी."

"मग एक माझं बी कर," याडी म्हणाली. "अन् आरसे दोन जास्त लाव."