न निघणारा पट्टा

लुयांडोने नवऱ्याची, मुन्साकाची रायफल चामड्याच्या दुकानाच्या फळीवर ठेवली आणि समोरचा नवा पट्टा ओढून पाहिला. रुंद होता, खांद्याच्या बाजूने मऊ अस्तर होतं. पण दोन्ही टोकांना पट्टा झटकन काढता येईल असे खटके होते.

"हा नको, काका. रायफलच्या कड्यांनाच शिवून टाका एखादा."

म्हातारा मुडेंडा हसला. "शिकाऱ्याची बायको ना तू? जखमी रानरेड्यामागे काटेरी झाडीत शिरताना पट्टा काढून सोबत्याकडे देतात. फांदीत अडकला, तर नेम धरायच्या आत रेडा अंगावर."

"माहीत आहे. माझ्या दिराने काढून मुन्साकाच्या हातात दिला होता. घरी तेवढाच परत आला." तिने रायफल त्याच्याकडे सरकवली. "उद्या मुन्साका निघालाय रेड्याच्या मागावर."

म्हाताऱ्याने सुई शोधली. दोरा ओवताना हळूच म्हणाला, "पण पोरी, तो सुरीने कापेल की."

"कापेलच. म्हणून सगळ्यात जाड चामडं घ्या. कापायला वेळ लागेल," ती म्हणाली. "तेवढ्या वेळात त्यालाही थोडी भीती वाटू दे."