धुलाईची सोय

जुन्या बॅटऱ्यांतून शिसं काढणाऱ्या कारखान्यात तो भट्टीवर होता. शिशाने मूत्रपिंडं जातात असं ऐकल्यापासून बायको त्याला शेवग्याच्या पाल्याचा रस पाजायची. "अर्धा तू घे," तो म्हणायचा. "मी कुठे भट्टीवर जाते? नाक दाबा आणि गिळा." सुजले मात्र तिचे पाय. तिच्या रक्तात शिसं निघालं, मूत्रपिंडं निकामी झालेली. "यांचे कामाचे कपडे कोण धुतं?" डॉक्टरांनी विचारलं. "मीच. आधी धूळ झटकते." "कारखान्यात धुलाईची सोय नाही?" सोय होती. पण तिच्या हातचे कपडे लख्ख निघायचे, म्हणून तो घरी आणायचा. तिने त्याच्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "मग यांचा काय दोष?" तिने डॉक्टरांनाच सुनावलं. त्यानंतर ती दोन महिने जगली. तो रोज उशाशी बसायचा, सांगायला तोंड उघडायचा आणि पाणी हवंय का विचारायचा.