अरुंधती दिसता काय?

"गो, ऊठ. आभाळ कसा लख्ख आसा बघ."

यशोदेनं गोधडी डोक्यावरून ओढली. पौषातली पहाट, डोंगराकडून उतरणारं बोचरं वारं, आणि कोंबड्यानंसुद्धा अजून तोंड उघडलेलं नव्हतं.

"उद्याव लख्खच आसतला," ती आतूनच म्हणाली. "पळान जातला काय ता?"

पण गुरुदास कंदील घेऊन उभेच. ती उठली. न उठून करते काय?

रशियानं आभाळात धाकटा चंद्र सोडल्याची बातमी आली त्या वर्षी गुरुदास मुंबईच्या गोदीतली कारकुनी संपवून मालवणला परतले. लोक येताना बायकोला लुगडं आणतात. यांनी ताऱ्यांचं पुस्तक आणलं. पहिला हिवाळा ते पुस्तकात डोकं खुपसून अंगणात उभे असायचे. यंदा पुस्तक ट्रंकेत गेलं होतं. "पाठ झाला माका," म्हणायचे. आणि पाठ झालेलं सगळं आता यशोदेच्या डोक्यात कोंबायचं चाललं होतं.

तुळशीचा कठडा धरत धरत ते अंगणात उतरले. विहिरीवरच्या माडाच्या शेंड्याकडे बोट केलं.

"सप्तर्षी. शेपटीतलो मधलो तो वसिष्ठ. तेच्या कुशीत बारीकशी अरुंधती. दिसता काय?"

"दिसता."

"नीट बघ."

"दिसता म्हटलंय ना! आता पेज ठेवू काय हयच उभ्यान गोठान जाव?"

दिसत कसलं होतं! यशोदेला वर नुसतं राखुंडी सांडल्यासारखं दिसायचं. अरुंधती सोडा, वसिष्ठाचाही पत्ता नव्हता. कार्तिकापासून ती रोज खोटं बोलत होती. कारण सोपं होतं. दिवाळीत गुरुदासांची थोरली बहीण, आनंदीआक्का, वेंगुर्ल्याहून आली होती. चकल्या खाता खाता म्हणाली, "लग्नात भटान अरुंधती दाखवलेली, याद आसा मां? जेका ती दिसना नाय, तो सहा महिन्यांत जाता. आमच्या सासऱ्यांचा तसाच झाला."

गुरुदास केवढ्यांदा तरी हसले होते. "खुळेपणा!" म्हणाले होते. यशोदा हसली नव्हती. दुसऱ्याच पहाटे तिनं वर पाहिलं आणि तिला अरुंधती कुठेच सापडली नाही. पण हे कुणाला सांगायचं? या माणसाला? स्वतःचा पंचा सापडत नाही, चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त. आपल्यामागे याचं कसं होणार, या विचारानंच तिला आणखी चीड यायची.

आणि त्यात यांचं वागणं. कौलं परतायची ती वैशाखात, यांनी पौषात परतून घेतली. "पावसाच्या तोंडार कोण धावपळ करतलो?" म्हणे. ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला अडकवली. नारळ पाडायला बाबली आला की तिला हाताला धरून माडाखाली उभी करायचे. "हेच्याशी तू बोल. किती नारळ उतरवले ते तू मोज."

"माका कशाक शिकवतात ह्या?" ती एकदा ओरडलीच. "माझा काय आता..." आणि तिनं जीभ चावली.

"शिकान ठेव," गुरुदास शांतपणे म्हणाले. "वाया जाणा नाय."

जायला निघालेल्या बाईला नारळ मोजायला शिकवणारा नवरा! तिनं कपाळाला हात लावला.

माघात आनंदीआक्का पुन्हा आली आणि त्या धास्तीत यशोदेनं बांगड्याच्या तिखल्यात मिठाऐवजी साखर घातली.

"गो, तुका दिसता काय नाय?" आक्कानं पहिल्याच घासाला ताट सरकवलं. गुरुदास मात्र जेवतच होते.

बाजाराच्या दिवशी आक्कानं तिला डोळ्यांच्या डॉक्टरपुढे नेऊन बसवलं. यशोदेनं घाबरत घाबरत अरुंधतीचं सांगितलं. डॉक्टर बराच वेळ खोकल्यासारखे हसले. "बाई, तुम्हाला लांबचं दिसत नाही, एवढंच. चष्मा लावा आणि खुशाल नातवंडांची लग्नं बघा."

चष्मा आला तो तिनं पदराखाली लपवला. गुरुदासांना एकदा खरोखरची अरुंधती बघून दाखवायची होती. मग सगळं सांगायचं, आणि मग त्या पहाटेच्या उठाठेवीबद्दल चांगलं फैलावर घ्यायचं.

दुसऱ्या पहाटे ती हाकेआधीच उठली. चष्मा लावून दारात उभी राहिली.

गुरुदासांनी कंदील तिच्या तोंडासमोर धरला. "उठलंस? बरा झाला. चल."

बस्स. चष्म्याबद्दल चकार शब्द नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडाकडे बघायची सवय असेल तर ना!

कठडा धरत ते अंगणात आले. विहिरीवरच्या माडाच्या शेंड्याकडे बोट केलं.

"शेपटीतलो मधलो, तो वसिष्ठ..."

यशोदेनं मान वर केली. माडाची एकेक पाती तिला मोजता आली असती. पण शेंड्यावर सप्तर्षी नव्हते. तिथे नुसता काळोख होता.

"तारे रोज थोडे थोडे सरकतत," हे त्यांनीच तिला कार्तिकात शिकवलं होतं. तेव्हा सप्तर्षी माडावर होते. ती हळूच मागे वळली. घराच्या आढ्यावर, पौषात परतलेल्या कौलांच्या बरोबर वर, सातही तारे लखलखत होते. वसिष्ठाच्या कुशीत एक बारीकसा ठिपका होता. लग्नात दिसला होता तसाच.

गुरुदासांचं बोट अजून माडाकडेच होतं.

"दिसता काय गो?"

यशोदेनं कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली.

"नाय," ती म्हणाली. "कायएक दिसना नाय. ढग आयले आसत."

"खरा?"

"देवाशपथ. आणि आजचे नाय ते. दिवाळीपासून रोज आसत. मीच आपला दिसता, दिसता म्हणी, घरात पळाक मिळाचा म्हणान."

गुरुदासांचा हात सावकाश खाली आला. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की कंदिलाची ज्योत हलली.

"मेल्या ढगांनो!" ते म्हणाले, आणि लहान पोरासारखे हसू लागले. "मगे माका तरी ती खंयसून दिसतली!"